मागून पास, मागून पास, आणि गोल आपल्याच जाळीत

डावा बॅक (धागाकर्ता), रविवार, रात्री १०.४०

काल धुळेरला जे होते त्यांना सांगायची गरज नाही. जे नव्हते ते सुखी. क्लबाचं नाव लिहीत नाही. डिचोली तालुक्यातला, निळ्या जर्सीचा, लीगमध्ये तळाला गेलेला फुटबॉल क्लब म्हटलं की आपल्या लोकांना कळतं आणि बाकीच्यांना कळून उपयोग नाही.

पहिला गोल आठवा. आपली गोलकिक. त्यांचे तिघे आपल्या बॉक्सच्या तोंडावर उभे. शेंबडं पोरही सांगेल की बाबा, मार लांब. पण नाही. गोलीने जवळच्या स्टॉपरला दिला, स्टॉपरने परत गोलीला, गोलीने परत त्यालाच. लग्नात आहेराचं पाकीट हातात कोंबताना 'अहो कशाला, अहो घ्या' चालतं ना, अगदी तसं. तिसऱ्या खेपेला त्यांच्या नऊ नंबरने पाकीट घेतलं आणि जाळीत टाकलं.

दोन वर्षांपूर्वी आपण वरच्या विभागात आलो ते कसे? उंच बॉल, पुढे आपला लंबू, आणि त्याच्या डोक्यावरून खाली पडलेल्या बॉलवर तुटून पडणारे दोघे. सौंदर्य शून्य. पण गुण मिळायचे आणि परत येताना टेम्पोत घुमट वाजायचं. आता नवे कोच आलेत. लायसन्सवाले, मोबाइलवर क्लिपा दाखवणारे. माणूस सज्जन आहे, माझं वैयक्तिक काही नाही. पण तांबड्या मातीत वाढलेल्या पोरांना बार्सिलोना शिकवायची ही हौस कोण फेडणार?

माझं मत सरळ आहे. कोच बदला, लंबूला परत आणा, लीग वाचवा. आणि त्या गोलीला चार सामने बाहेर बसवा, त्याच्याने होत नाही. बोला.

म्हापशाचा पाव, रात्री १०.४७

मिरची भजी घेऊन बसलो आहे. चालू द्या.

नारिंगी गौर, रात्री ११.०५

साफ असहमत. पासिंग म्हणजे कोणीतरी लॅपटॉपमधून गोव्यात आणलेलं थेर नाही. आर्मांदो कुलासो कोच असतानाचा धेंपो क्लब विसरलात? मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स, त्याच्या पुढे बेटो, टोकाला रँटी मार्टिन्स, बाजूने क्लिफर्ड मिरांडा. बॉल जमिनीवर असायचा आणि समोरचे धावून धावून दमायचे. २००७-०८ची पहिली आय-लीग (तेव्हाची देशातली अव्वल लीग) धेंपोची, मग चर्चिल, परत धेंपो, मग साळगावकर, परत धेंपो, २०१२-१३ला परत चर्चिल. पहिल्या सहाच्या सहा आय-लीग गोव्यात आल्या. हे काय बॉल आकाशात भिरकावून?

डावा बॅक, रात्री ११.०९

बेटो आणून द्या, उद्यापासून मीपण पासिंगवाला.

नारिंगी गौर, रात्री ११.१८

बरं, बेटो सोडा. लोबेरा कोच असतानाचा, आयएसएलमधला एफसी गोवा घ्या. २०१७ला तो आला तेव्हाही सगळे हेच म्हणत होते, मागून कशाला खेळता, मार खाल. मग त्याच्या स्ट्रायकरने, कोरोने, ५७ सामन्यांत ४८ गोल केले. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर माझ्या शेजारी एक आजोबा बसायचे, बॉल गोलीकडे परत गेला की ते डोळे मिटून घ्यायचे. दुसऱ्या वर्षी तेच आजोबा, कोणी लांब मारला की 'अरे कशाला फुकट घालवतोस' म्हणून ओरडायचे. सवय लागायला वेळ लागतो, माणसांना आणि संघालाही.

डावा बॅक, रात्री ११.३१

आणि २०१९ची आयएसएल फायनल? मुंबईत, बंगळुरूविरुद्ध? वर्षभर रांगोळी घातली आणि ११७व्या मिनिटाला एका कॉर्नरवर त्यांच्या राहुल भेकेने डोकं लावलं, संपलं. पुढच्या वर्षीची सेमीफायनल घ्या. चेन्नईत ४-१ मार खाल्ला, घरी ४-२ जिंकूनही बाहेर. गोल करायचे आणि तेवढेच खायचे.

(हो, भेकेच्या गोलाआधी गोव्याच्या जाहूला रेफरीने बाहेर काढलं होतं, दहा जण उरले होते, माहीत आहे. तरीपण.)

नारिंगी गौर, रात्री ११.३६

'तरीपण' हा शब्द तुमच्या जर्सीवर छापून घ्या. त्याच मोसमात जमशेदपूरला त्यांच्या घरी ५-० हरवून लीग शील्ड (साखळी फेरीत पहिलं येणाऱ्याला मिळते ती) आणली, हे सोयीस्कर विसरायचं. त्या शील्डमुळे आशियातल्या चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब गोव्याचा ठरला.

पिळगावकर, रात्री ११.५०

आणि शील्ड हातात आली तेव्हा लोबेरा कुठे होता? त्याला तीन सामने बाकी असताना नारळ दिला होता, संघ अव्वल असताना. शेवटचे सामने क्लिफर्डने सांभाळले. म्हणजे कोच बदलला तरी शील्ड आली. हा मुद्दा धागाकर्त्याच्या बाजूने की विरुद्ध, ते मला झोपेत नीट कळत नाही. शुभ रात्री.

जुना गोली, सोमवार, सकाळी ६.१५

सकाळी फिरून आलो आणि हा धागा वाचला. मी खालच्या विभागात बारा वर्षं गोलमध्ये उभा राहिलोय, तेव्हा गोलीबद्दल बोलायचा हक्क माझा.

आमच्या काळी बॅकने परत दिलेला बॉल गोली खुशाल हातात घ्यायचा, दोनदा आपटायचा, घाम पुसायचा, मग लाथ. १९९२ला नियम बदलला आणि गोलीला पाय फुटले. २०१९ला आणखी एक बदल आला, गोलकिकला बॉल बॉक्सच्या बाहेर जायलाच हवा ही अट गेली. आता आपला बॅक बॉक्सच्या आतच पास घेतो, आणि म्हणून हे पाकीट-पाकीट शक्य झालं. कोचने आकाशातून काढलेलं नाही, जगभर चाललंय.

पण ते करायला गोलीला कोणीतरी शिकवावं लागतं. ब्रह्मानंद शंखवाळकरला मी साळगावकरच्या गोलमध्ये पाहिलाय. उडी तर सगळ्यांनाच दिसायची. मी मात्र त्याचं तोंड बघायचो. नव्वद मिनिटं तो माणूस बॅकांशी बोलत असायचा, डावीकडे सर, माणूस आला, सोड. आपला गोली मुका आहे. मुका असण्यात त्याचा दोष किती? आपल्याकडे गोलींचा वेगळा सराव शेवटचा कधी झाला, सांगा कोणी. सगळे दहा जण शूटिंगचा सराव करतात तेव्हा त्याला समोर उभा करतात, त्याला आपण गोलीचा सराव म्हणतो.

काजू बोंडू, सकाळी ८.०२

मैदानाबद्दल कोणी बोलतच नाही. आपलं गावचं मैदान मी आणि भावाने टेप लावून मोजलंय, नव्वद मीटरही भरत नाही. एका टोकाला देवळाचा मंडप, दुसऱ्या टोकाला आमचीच काजूची बाग, वाढवणार कुठे? मोठ्या मैदानावर लांबी १०५ आणि रुंदी ६८ असते. म्हणजे मंगळवारी-गुरुवारी पोरं ज्या अंतरावर पास द्यायला शिकतात, शनिवारी माणूस त्या अंतरावर नसतोच.

शिवाय आपली माती. जांभ्याच्या खड्यांवर बॉल कुठे उडेल ते देवालाही ठाऊक नाही, म्हणून प्रत्येक पोरगा आधी बॉल पायाखाली मारतो, मान खाली घालून बघतो, मग पास देतो. धुळेरच्या कृत्रिम गवतावर तेवढ्या वेळात समोरचा येऊन चहा पिऊन जातो. पासिंग वाईट नाही हो. आपलं मैदान पासिंगचं नाही, इतकंच.

डावा बॅक, सकाळी ८.२०

काजू बोंडूंना शंभर टक्के अनुमोदन. म्हणूनच म्हणतो, उंच बॉल. हवेत खडे नसतात.

दुबईहून, सकाळी ९.४५

मी फोनवर लाइव्ह बघत होतो. जो कोणी शूट करत होता त्याने गोलच्या वेळी कॅमेरा भजीच्या गाड्याकडे वळवला होता. त्याचे आभार.

वहीवाली, दुपारी १.१०

काल-परवाचा सामना मी आपल्या बाकाच्या मागे बसून पाहिला, हातात वही घेऊन. (हसू नका. आमचे हे क्रिकेटचा स्कोअर लिहितात तेव्हा कोणी हसत नाही.) मी कॉलेजात असताना तीन वर्षं राइट हाफला खेळलेय, हेही सांगून ठेवते.

पास सगळेच मोजतात, म्हणून मी ते मोजले नाहीत. आपला बॉल गेल्यानंतर काय होतं ते मोजलं. दुसऱ्या हाफमध्ये त्यांच्या बाजूला आपण चौदा वेळा बॉल घालवला. त्यांतल्या तीनच वेळा जवळचे दोघे लगेच बॉलवर धावले. बाकी अकरा वेळा ज्याचा बॉल गेला तो कमरेवर हात ठेवून उभा, आणि उरलेले पाठ फिरवून मागे चालायला लागले. दुसरा आणि तिसरा गोल या अकरांतूनच झाला.

नारिंगी गौरांनी लोबेराचं नाव घेतलं म्हणून लिहिते. त्याच्या संघात आपल्याला पास दिसायचे कारण ते सुंदर होते. पण खरी गंमत बॉल गेल्यानंतरच्या पाच-सहा सेकंदांत होती. जवळजवळ राहून छोटे पास का द्यायचे? तर बॉल गेलाच तर चोराभोवती आपली माणसं आधीच उभी असावीत म्हणून. मंदार राव देसाई मुळात विंगर. त्याला लेफ्ट बॅकला आणला आणि तो सतत वर जायचा. मग त्याच्यामागची जागा उघडी पडायची का? बहुतेक वेळा नाही, कारण समोरच्याला मान वर करून तिकडे लांब मारायला सवडच मिळायची नाही. ज्या दिवशी ती सवड मिळाली, त्या दिवशी चेन्नईसारखं झालं. धागाकर्त्याचं उदाहरण खरं आहे, फक्त ते पासिंगविरुद्धचं नाही.

आपल्याकडे काय झालंय, तर सोवळं नेसलो, उपरणं घेतलं, आणि पूजा राहिली. मागून पास देण्याचा अर्धा भाग घेतला. बॉल गेल्यावर धावण्याचा अर्धा घेतला नाही, कारण तो क्लिपमध्ये फारसा दिसत नाही आणि करायला छाती लागते. आठवड्यात दोन सराव, त्यांत वेर्ण्याच्या शिफ्टवाले आणि कळंगुटच्या हॉटेलात नाइट ड्युटी करणारे धरून सहा जण आलटून पालटून गैरहजर. गेल्या गुरुवारी सरावाला नऊ जण होते, मी मोजलेत. नऊ जणांत कोणाला प्रेसिंग, म्हणजे बॉल गेल्या गेल्या मिळून तुटून पडणं, शिकवणार?

आणि उंच बॉलवाल्यांनाही सांगते. तुमचे ते 'खाली पडलेल्या बॉलवर तुटून पडणारे दोघे' म्हणजे दुसरं काय होतं? ते प्रेसिंगच होतं, फक्त नाव नव्हतं. आपण वर आलो ते त्या दोघांमुळे. लंबूमुळे नाही.

म्हापशाचा पाव, दुपारी १.२२

भजी थंड झाली. ताईंनी धागा जिंकला.

पिळगावकर, दुपारी २.००

ते दोघे सध्या काय करतात? एक पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला गेला असं ऐकलं. दुसऱ्याचा गुडघा.

डावा बॅक, दुपारी ३.१५

वहीवाली ताई, मुद्दा पटला असं म्हणणार नाही, पण विचार करतोय. एक शंका. धावायला छाती नाही, सरावाला माणसं नाहीत, मैदान लहान, गोलीला शिकवायला कोणी नाही. मग अशा वेळी जे जमतं ते का खेळू नये? घरात तांदूळ नसताना बिर्याणीचा हट्ट कशाला, पेज करा. कोचला हे का दिसू नये? तळाला असताना माणूस शैली बघत नाही, गुण बघतो. आणि लंबू अजून आहेच ना.

खजिनदार, संध्याकाळी ७.३०

गप्प बसणार होतो, पण 'लंबू अजून आहेच' वाचून राहवलं नाही. लंबू जहाजावर आहे. मार्चपर्यंत उतरत नाही. त्याच्या आईला विचारा.

आता बोललोच आहे तर सगळंच बोलतो. तुम्ही शैलीवर चर्चा करताय, मी पावतीपुस्तकावर झोपतो. २०१२ला खाणी बंद पडायच्या आधी आपल्या भागातले ट्रकमालक वर्गणीची पावती फाडायला स्वतः यायचे. बार्ज आणि ट्रक उभे राहिले तसा तो पैसा आटला. मधे सुरू झालं तेव्हा थोडी धुगधुगी आली, २०१८ला परत बंद. हे फक्त आपल्यासारख्या गावक्लबांचं नाही. गोव्यातल्या मोठ्या फुटबॉलच्या मागे खाणींचीच घराणी होती, धेंपो काय, साळगावकर काय. आपल्या शेजारी साखळीला सेसाची फुटबॉल अकादमी १९९९ला सुरू झाली तीही खाणकंपनीचीच. आणि २०१६ला साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो आय-लीगमधून बाहेर पडले तेव्हा आपल्या पोरांची वरची पायरीच निघाली. आधी पोरगा म्हणायचा, इथे चांगलं खेळलो तर धेंपोचा माणूस बघेल. आता कोण बघणार, कोणासाठी खेळणार? धेंपो परत राष्ट्रीय पातळीवर आलाय, पण मधली सात-आठ वर्षं गेली ती गेलीच.

वर आल्यावर समितीने काय ठरवलं ते सांगतो, मीही त्यात होतो. टिकायचं म्हणून बाहेरचे तिघे आणले. दर सामन्याचं मानधन, वर पेट्रोल. ते पैसे काढले कुठून, तर सतरा वर्षांखालचा संघ यंदा उतरवला नाही. मुलं बसली. त्यांतले दोघे, तो डावखुरा धरून, अकादमीत गेले. चांगलंच झालं त्यांचं. पण आता तीन वर्षांनी आपला लेफ्ट बॅक कोण, हे मला विचारू नका. धागाकर्त्यालाच परत बूट घालावे लागतील.

नव्या कोचनी आल्या आल्या पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी मागितल्या होत्या, गोलींसाठी माणूस आणि सतरा वर्षांखालचा संघ. दोन्हींना मी 'पुढच्या वर्षी बघू' म्हटलं. हे माझं पाप. बाकीचं तुम्ही ठरवा.

जुना गोली, संध्याकाळी ७.४१

खजिनदारबाब, पैसे मागितले कोणी? गुरुवारी मी येतो. गुडघे वाकत नाहीत, पण तोंड चालतं. त्या पोराला निदान बोलायला शिकवीन.

नारिंगी गौर, रात्री ८.०५

सतरा वर्षांखालचा संघ न उतरवता बाहेरचे तिघे आणले, हे आधी कळलं असतं तर शैलीवर एक ओळ लिहिली नसती. आम्ही तिकडे बेटो आणि लोबेरा काढत बसलो. बाहेरच्या तिघांतला एकही सरावाला येत नाही हे खरं का?

खजिनदार, रात्री ८.०९

एक येतो. दोन थेट मैदानावर.

वहीवाली, रात्री ८.१४

कमरेवर हात ठेवणारे कोण कोण ते वहीत आहे. नंबर लिहू का?

म्हापशाचा पाव, रात्री ८.१५

लिहा लिहा लिहा

वहीवाली, रात्री ८.३०

नको. कोचना दाखवेन.

निळी ओढणी, रात्री ९.५०

मी इथे नवीन आहे, फक्त या धाग्यासाठी खातं उघडलं. मी त्या गोलीची बहीण.

तो हे सगळं वाचतोय, काल रात्रीपासून. मूळ लेख त्याने मला स्वतः वाचून दाखवला, 'त्याच्याने होत नाही' ते. तो एकोणीस वर्षांचा आहे, सकाळी कॉलेज, संध्याकाळी काकांच्या दुकानात. सरावाला एकदाही दांडी नाही. त्या गोलकिकला त्याला लांबच मारायचा होता. पण समोर उभ्या तिघांतून पलीकडे आपले कोण आहेत ते बघितलं तर आपले सगळे पाठमोरे, मध्यरेषेकडे चालत निघालेले. मारायचा कोणाला? म्हणून जवळ दिला, आणि परत आला तेव्हा पुन्हा जवळ. त्याने हे कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर बाकीच्यांवर ढकलतोय असं वाटेल म्हणतो.

तुम्ही चुकीचं लिहिलंत असं म्हणत नाही. तुम्ही पैसे भरता, टेम्पोने येता, तुमचा हक्क आहे. फक्त तो वाचतो, एवढं माहीत असावं.

काजू बोंडू, रात्री १०.०१

बाय, त्याला म्हणावं शनिवारच्या दुसऱ्या हाफमध्ये त्याने पायाने अडवलेला तो एक बॉल आमच्या अख्ख्या घराला आठवतो. पाच खाल्ले असते.

डावा बॅक (धागाकर्ता), रात्री १०.२५

मूळ लेखातलं ते गोलीबद्दलचं शेवटचं वाक्य काढून टाकायला संपादकांना कळवलं आहे. पोराची माफी मागतो, इथेच, सगळ्यांसमोर. मी खेळायचो तेव्हा माझ्यावर कोणी धागा काढत नव्हतं, नाही तर मला बूट कधीच टांगावे लागले असते.

कोच बदला, हेही तूर्त मागे घेतो, कारण खजिनदारांनी सांगितलेलं ऐकून मला माझाच राग आलाय. गेल्या वर्षी सर्वसाधारण सभेत 'बाहेरचे आणा' म्हणून हात वर करणाऱ्यांत मी होतो.

पण उंच बॉलचं मी सोडणार नाही. बाहेरच्या मैदानावर, शेवटची दहा मिनिटं, एका गोलाने पुढे असताना मागून पास दिलेला मला दिसला तर मी पुन्हा धागा काढणार.

नारिंगी गौर, रात्री १०.३०

एका गोलाने पुढे असू तर मी स्वतः तुम्हाला धागा काढून देतो.

पिळगावकर, रात्री १०.४४

शनिवारचा टेम्पो किती वाजता? गेल्या वेळी देवळाकडे अर्धा तास थांबलो आणि तुम्ही वरच्या रस्त्याने गेलात.

खजिनदार, रात्री १०.५२

सव्वादोनला, देवळाकडेच. गुरुवारी सरावाआधी पाच वाजता मैदानावरचे खडे वेचायचे आहेत, ज्यांना जमेल त्यांनी टोपली घेऊन या. काजू बोंडू, रोलर तुमच्याच घरी आहे ना?

काजू बोंडू, रात्री ११.००

आहे. पण त्याच्यावर कोंबडी बसलीय अंडी घालून. बघतो.